साळूबाईचे पाच गाळे

नाशिकजवळच्या अंबड गावातून औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नाल्याच्या कडेला, एका ओळीत पाच गाळे होते. विटांच्या भिंती, वर सिमेंटचे पत्रे, पुढे लोखंडी शटर आणि शटरांपुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब ओटा. महापालिकेच्या कागदांवर त्यांना कसलेतरी नंबर होते, पण ते कुणाला ठाऊक नव्हते. रिक्षावाला असो, कुरिअरवाला असो की भिवंडीहून माल घेऊन आलेला ट्रक ड्रायव्हर, सगळे एकच विचारायचे, "साळूबाईचे गाळे कुठंशी?"

आणि साळूबाई तिथंच असायची. सकाळचा चहा झाला की खराटा घेऊन ती घरातून निघायची. सत्तरी गाठली तरी ओटा स्वतःच झाडायची. सून उज्वला म्हणायची, "आई, बाई लावू की एखादी." त्यावर साळूबाईचं उत्तर ठरलेलं. "बाई ओटा झाडंल. कोन आलं, कोन नाय आलं, ते बगंल का?" झाडून झालं की तिसऱ्या गाळ्यापुढं बसायची आणि शटरं वर जाताना बघत राहायची. पाचही शटरं उघडली, आत यंत्रं सुरू झाली, त्यांची घरघर ओट्यातून तिच्या पायांपर्यंत पोचली, म्हणजे मग तिच्या जिवाला बरं वाटायचं.

या जागेवर ती लग्न होऊन आली तेव्हा इथं घेवड्याचे वेल होते. त्यापलीकडे भुईमूग, बांधावर पेरूची झाडं. नवरा सावळीराम चांगला शेतकरी होता, कष्टाळू, पण अबोल. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा सरकारी मोजणीवाले आले. त्यांनी साखळ्या ओढल्या, खुंट्या ठोकल्या, चुन्याच्या रेघा मारल्या. इथं कारखाने येणार, हे शेजारच्या सातपूरची वसाहत बघून सगळ्या गावाला कळलेलं होतंच. काहींनी मोर्चा काढला, काहींनी कोर्टात धाव घेतली. सावळीरामने यातलं काहीच केलं नाही. मोजणीवाल्यांच्या मागं मागं तो दिवसभर नुसता चालत राहिला. संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "सगळंच गेलं. नाल्याकडची पट्टी तेवढी राह्यली. रेघ तिला सोडून गेली."

"का सोडली?"

"वाकडी हाय म्हने."

वाकडी म्हणून वाचलेल्या त्या पट्टीवर त्यांनी दोन म्हशी बांधल्या आणि लांबलचक गोठा घातला. मोबदल्याचा पैसा नणंदांच्या लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये संपून गेला. सावळीरामला सातपूरच्या एका कारखान्यात हेल्परची नोकरी लागली. भोंगा झाला की तो सायकलवरून जायचा, भोंगा झाला की यायचा. आपल्याच शेतातून आता डांबरी रस्ता जातो आणि आपण त्यावरून डबा घेऊन कामाला जातो, हे त्याच्या गळी कधी पूर्ण उतरलं नाही. सुट्टीच्या दिवशी तो नाल्याच्या काठी जाऊन बसायचा आणि नव्या कंपन्यांच्या कंपाउंडकडे पाहत म्हणायचा, "तिथं आपली विहीर होती." साळूबाईला मात्र रडत बसायला सवड नव्हती. रवी तेव्हा दुपट्यात होता आणि म्हशींच्या धारेला दोन वेळा बसावंच लागत होतं.

अशात एका सकाळी गोठ्याशी एक तरुण येऊन उभा राहिला. अंगात तेलकट शर्ट, खिशात मोजायची पट्टी, डोळे जागरणाने लाल.

"वैनी, आठे थोडी जागा भेटी का?"

त्याची बोली ऐकून साळूबाईला हसू आलं. माणूस बागलाणातला, सटाण्याकडचा. नाव गोटीराम. एका कंपनीत टर्नर होता. त्याने लोखंडाचे भाग कातायचं एक जुनं लेथ मशीन बघून ठेवलं होतं आणि दुसऱ्या पाळीला जाण्याआधी सकाळभर स्वतःचं काम करायचं, असा त्याचा बेत होता. कंपन्यांना लागणारे छोटे भाग बाहेरून करून घ्यायची पद्धत तेव्हा नुकती पडू लागली होती. पण जागा मिळेना. वसाहतीतला प्लॉट परवडत नव्हता आणि गावात कुणी मशीन घरात घेईना.

"ह्यो गोठा हाय, बाबा," साळूबाई म्हणाली. "म्हशी कुठं बांधू?"

"म्हशी राहू द्या ना. अर्धा गोठा मला, अर्धा त्यांना."

सावळीरामला विचारलं तर तो म्हणाला, "तुला पटंल ते कर." तिला पटलं. का पटलं, हे तिला पुढं कित्येकांनी विचारलं, पण तिला ते कधी नीट सांगता आलं नाही. एवढंच आठवायचं, की त्या पोराच्या हाताला लोखंडाचा वास येत होता आणि आपल्या नवऱ्याच्या हाताला पूर्वी मातीचा यायचा, तसाच तो तिला वाटला.

लेथ टेम्पोतून आलं. टेम्पो चिखलात रुतला तो शेजारच्यांच्या बैलांनी ओढून काढला. गव्हाणीच्या अलीकडे कोबा करून मशीन बसवलं. पहिल्या दिवशी ते सुरू झालं मात्र, दोन्ही म्हशी दावी तोडून थेट शेजारच्या पेरूच्या बागेत. दोन दिवस त्यांनी दूध चोरलं. साळूबाई गोटीरामवर अशी काही बरसली की तो मशीन उचलून न्यायला निघाला. पण आठवड्याभरात म्हशींना सवय झाली, आणि महिन्याने तर भलतंच झालं. मशीन बंद असलं की त्या पान्हवेनात! नाशिकच्या वसाहतीला सुट्टी शनिवारची. म्हणून दर शनिवारी साळूबाई गोटीरामच्या खोलीवर निरोप धाडायची, "येऊन घटकाभर मशीन फिरवून जा, म्हशी खोळंबल्यात." आणि बिचारा यायचा, रिकामं लेथ फिरवत उभा राहायचा, आणि ती पलीकडे धार काढायची. दूध मात्र त्याला पेलाभर मिळायचं.

दोन वर्षांत गोटीरामची एकाची तीन मशीनं झाली. म्हशी विकल्या. गोठ्याच्या जागी पहिला पक्का गाळा झाला, मग त्याला लागून दुसरा, आणि असं करत करत ओळ नाल्याच्या वळणापर्यंत गेली. विटा साळूबाईने उभं राहून उतरवल्या, गवंड्याशी ती भांडली, वीजमंडळाच्या कचेरीत थ्री फेजच्या जोडणीसाठी चकरा तिनेच मारल्या. सावळीराम संध्याकाळी कामावरून आला की नव्या भिंतीवर पाणी मारायचा. तेवढं काम त्याला मनापासून आवडायचं. रोपाला पाणी घालावं तसा तो हळूहळू मारायचा.

मग आजूबाजूला हेच पीक आलं. ज्याची म्हणून गुंठाभर जमीन उरली होती त्याने तिथं शेड घातलं. वसाहतीत आलेल्या मोठ्या मोटार कंपनीला लागणाऱ्या एकेका वस्तूवर चार-चार माणसांचे कारखाने उभे राहिले. स्प्रिंगा, वायरी, रबराच्या चकत्या, पत्र्याचे डबे. साळूबाईच्या गाळ्यांतून किती लोक आले आणि गेले! एका रंगवाल्याला तिने दोन महिन्यांत हाकललं, कारण त्याच्या फवाऱ्याने सगळ्या गल्लीचं वाळवण लाल व्हायचं. बाकी जे गेले ते मोठे होऊन गेले. गोटीराम सगळ्यांत आधी गेला. सिन्नरच्या वसाहतीत त्याने स्वतःचा प्लॉट घेतला. जाताना पाया पडून म्हणाला, "वैनी, मोठी जागा भेटली." साळूबाईने त्याच्या हातात नारळ ठेवला आणि तो दिसेनासा होईपर्यंत हसत उभी राहिली. मग रिकाम्या गाळ्यात जाऊन पदर डोळ्याला लावला. पोरीची पाठवणी करावी तसं तिला झालं होतं, पण हे सांगणार कुणाला?

एक गोष्ट मात्र तिने कधी केली नाही. गोडाऊनला गाळा दिला नाही. "कुलूप लावून जात्यात," ती म्हणायची. "माल ऱ्हातो, मानूस ऱ्हात नाय. जागा मुकी पडती."

सावळीराम गेला त्याला आता वीसएक वर्षं होऊन गेली. रवी एका कंपनीच्या स्टोअरमध्ये होता. कंपनीने तो विभाग चाकणला हलवला तेव्हा तो गेला नाही, आणि जागांच्या व्यवहारात पडला. दुकानं, ऑफिसं, प्लॉट भाड्याने लावून द्यायचे, हे त्याचं काम. उज्वला पतसंस्थेत नोकरीला. दोघंही मनाने चांगले. पण रवीचं म्हणणं गेली काही वर्षं एकच होतं.

"आई, रस्ता बघ केवढा झालाय. समोर मॉल, पलीकडे शोरूम. आणि आपण पत्र्याखाली बसलोय. हे पाडू. काचेची चार मजली इमारत बांधू. खाली शोरूम, वर ऑफिसं."

"आन् लखननी कुठं जावं? संजनानी कुठं जावं?"

"जागा काय, खूप आहेत."

"मंग शोरूमवाल्यालाबी खूप हायेत. त्यो जाईल तिकडं."

उज्वला मध्ये पडायची आणि जेवायला वाढायची. विषय तिथंच राहायचा.

लखन आणि संजना हे तिचे आताचे लाडके भाडेकरू. लखन चौथ्या गाळ्यात, मूळचा एकलहऱ्याचा. वडील वीज केंद्रात कामाला होते. याने डिप्लोमा केला आणि नोकरी सोडून कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन घेतलं. मशीन एवढं मोठं की शटरची चौकट काढून आत घालावं लागलं. संजना पाचव्यात. सातपूरच्या कॉलनीत वाढलेली, तिशीतली, तोंडाने फटकळ. कंपनीतल्या कामगारांचे हातमोजे आणि ॲप्रन ती शिवायची. हाताखाली सहा बाया. दुपारी त्या बाया डबे उघडायच्या तेव्हा साळूबाईचा घास त्यात ठरलेला असायचा. एक ते तीन नंबरचे गाळे मात्र अलीकडे रिकामे पडले होते. रवी म्हणायचा, बघ, कुणी येत नाही. साळूबाई म्हणायची, येतील.

एका पावसाळ्यात संजनाने येऊन सांगितलं होतं, "आजी, आमच्याकडं जरा गळतंय हो, शिलाईच्या मशीनवर." एवढंच ती बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर साळूबाई नऊवारीचा काष्टा मारून शिडीवर! एका हातात डांबराचा डबा, दुसऱ्यात ब्रश. संजना किंचाळली, लखन धावत आला. तेवढ्यात शिडी घसरली आणि लखनने म्हातारीला अक्षरशः वरच्या वर झेलली. डांबराचा डबा त्याच्या डोक्यावर. पुढं पंधरा दिवस तो तसाच डांबराने चिकटलेल्या केसांनी फिरत होता आणि साळूबाई रोज त्याला खोबरेल लावून देत होती. त्यानंतर कुणी गळण्याचं नाव काढलं नाही. पत्रे बरे झाले असावेत, असं साळूबाईने धरलं.

त्यानंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबरातली गोष्ट. परतीचा पाऊस लांबला होता. शनिवार होता, गाळे बंद. ओट्यावर ऊन द्यायला ठेवलेल्या उन्हाळ्यातल्या कुरडया पावसात सापडतील म्हणून साळूबाई छत्री घेऊन लगबगीने निघाली. येऊन पाहते तर लखनचं शटर अर्धं वर. आत दिवा. तिला वाटलं चोर. ती वाकून आत शिरली.

आत लखन स्टुलावर उभा होता. ते मोठं मशीन त्याने निळ्या ताडपत्रीने वरून खालपर्यंत झाकलं होतं आणि ताडपत्रीचं टोक खिळ्याला बांधत होता. खाली त्याची बायको तेजल बादली हलवत होती. जमिनीवर तेलाचे रिकामे डबे मांडलेले. त्यांत पत्र्यातून पाणी पडत होतं, टप टप टप, प्रत्येक डब्याचा आवाज वेगळा. भिंतीवरून ओघळ आले होते. कोपऱ्यात ओल चढून रंग सुटला होता.

तिला बघून लखन स्टुलावरून हळूच उतरला.

"कवापासून?" साळूबाईने विचारलं.

"आजी, आजच जरा जास्त..."

"लखन."

त्याने मान खाली घातली. तेजलच शेवटी बोलली. "दोन वर्षं झाली, आजी. रोज संध्याकाळी झाकतो. सुट्टीला पाऊस आला तर येऊन बघून जातो. मशीनच्या कॉम्प्युटरमध्ये पाणी गेलं तर सगळंच जाईल ना."

"आन् मला सांगितलं नाय?"

"सांगितलं असतं तर तुम्ही परत शिडीवर चढला असता," लखन म्हणाला. "सगळ्यांनी मिळून ठरवलं. आजीला कळू द्यायचं नाही. संजनाताईंकडंपण गळतं. त्या मशीनं इकडून तिकडं सरकवत बसतात."

साळूबाई तिथल्या लाकडी खोक्यावर बसली. कुरडया तिकडं भिजत राहिल्या. आजवर तिला वाटायचं की या पोरांना आपण सांभाळतोय. आणि पोरं दोन वर्षं तिला सांभाळत होती, तिच्या शटरामागं, तिच्याच पत्र्याखाली, डबे मांडून.

त्या दिवसापासून ती गप्प झाली. ओटा झाडायची पण बसायची नाही. संजनाच्या बायांनी हाक मारली तरी डब्याला थांबायची नाही. घरी उज्वलाने विचारलं, तेव्हा म्हणाली, "माझ्याशी खोटं वागली सगळी." उज्वलाने ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "तुमच्या जिवाची काळजी होती म्हणून ना, आई?" त्या रात्री साळूबाई नीट जेवली.

पुढच्या रविवारी तिने उज्वलाला सांगितलं, "मला सिन्नरला ने. गोटीरामकडं."

उज्वलाने स्कूटर नको म्हणून रिक्षा ठरवली. गोटीरामचा कारखाना आता मोठा होता, साठ-सत्तर माणसं. केस पांढरे झालेले, पण साळूबाईला पाहताच पळत फाटकापर्यंत आला. चहा झाला, पोराबाळांची चौकशी झाली. मग साळूबाईने सरळ विचारलं.

"तू माझा गाळा का सोडला व्हता?"

"आता हे काय, वैनी? मोठी जागा भेटली म्हनीसन..."

"खरं सांग. माझ्याशी सगळेच गोड बोलतात, असं मला परवा कळलंय."

गोटीरामने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "उंची नव्हती, वैनी. मोठा लोखंडी जॉब उचलायला वरून क्रेन लागते. तुमच्या पत्र्याला हात पोचायचा. दोन ऑर्डरी त्यापायी गेल्या माझ्या."

"मंग बोलला का नाय?"

"काय बोलू? बोललो असतो तर तुम्ही दुसऱ्या दिवशी गवंडी लावून भिंती चढवायला निघाल्या असत्या. नुकता तर पाचवा गाळा बांधून झाला होता, सावळीदादा अजून पाणी मारत होते भिंतीला. जीव होईना."

साळूबाईने कपाळावर हात मारला. आणि मग तिला हसू फुटलं, असं की उज्वला घाबरली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. "म्हंजे पयल्यापासूनच!" ती म्हणत होती. "अरं माझ्या देवा, पयल्या भाडेकरूपासूनच!" गोटीरामही हसू लागला. मग त्याने तिला हात धरून कारखाना दाखवला. वर उंचच उंच छत, त्यातून येणारा उजेड, आणि लोखंडाचा मोठा गोळा अलगद उचलून नेणारी क्रेन. साळूबाई मान वर करून बराच वेळ बघत होती.

"असं पायजे," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने रवीला समोर बसवलं. "पाड."

रवीला आधी खरंच वाटेना. कळलं तेव्हा त्याने लगेच नकाशे काढले. काचेची इमारत, चार मजले, खाली गाड्यांचं शोरूम. साळूबाईने कागद उलटा करून ठेवला. "काच नको. खाली मशीनं. उंच. गोटीरामासारखं."

"आई, खालचा मजला रस्त्यावरचा आहे! सगळ्यांत किमती जागा तीच. तिथं कुणी लेथ बसवतं का?"

"मीच बसवला व्हता. गोठ्यात."

चार दिवस घर धुमसत राहिलं. रवी चूक नव्हता. नुसत्या लहान कारखान्यांवर एवढ्या बांधकामाचा खर्च निघत नाही, हे तो रोज व्यवहारात बघत होता. शेवटी तोड उज्वलाने काढली. पट्टी लांबट होती, तेच कामाला आलं. रस्त्याच्या बाजूला दुकानांची, ऑफिसांची तीन मजली इमारत, रवीच्या मनासारखी. मागं नाल्याच्या अंगाला उंच छताचे तीन गाळे, आत ट्रक जाईल एवढी वाट. आणि पुढच्या इमारतीतला वरचा एक मजला शिवणकामासारख्या हलक्या कामांना, मालाची लिफ्ट देऊन. नकाशा काढणाऱ्या आर्किटेक्ट मुलीला हे आवडलं. रवीने दोन दिवस आकडेमोड केली आणि मान डोलावली. साळूबाईने फक्त एक विचारलं, "भिंतीला पानी कोन मारनार?" बांधकामवाला म्हणाला, आता त्याला यंत्रं असतात. हे ऐकून ती जरा हिरमुसली.

मार्चमध्ये गाळे पाडले. संजना आपल्या बायांसह सातपूरला एका घराच्या गच्चीवर गेली, लखन सिन्नरला एका शेडमध्ये. पाडायच्या दिवशी रवीने आईला घरी थांब म्हटलं, पण ती आली. जेसीबीने पहिला पत्रा ओढला तेव्हा धुळीचा लोट उठला. साळूबाईने तोंडाला पदर लावला आणि बघत उभी राहिली. पहिल्या गाळ्याचा कोबा फोडताना खाली जुन्या गव्हाणीचे दगड निघाले. ते तिने कामगारांना बाजूला ठेवायला सांगितले. पुढं ते कुठं गेले, कुणास ठाऊक. बांधकामाच्या गोंधळात हरवले.

बांधकाम सव्वा वर्ष चाललं. या काळात साळूबाईला करमेना. तिने सायटीवरच्या मजुरांच्या बायकांशी ओळख काढली. सुरगाण्याकडच्या होत्या, भात कापून झालं की उतरून येणाऱ्या. त्यांच्याकडून ती नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी थापायला शिकू लागली. जमली नाही. घरी सगळ्यांनी तशीच खाल्ली.

इमारत उभी राहिली आणि संजना पहिल्याच आठवड्यात परत आली. सहाच्या आता अकरा बाया. वरचा मजला बघून तिने टाळी वाजवली. "आजी, खिडकी! आमच्या जन्मात पहिल्यांदा खिडकीशी बसून शिवणार आम्ही."

लखन आला तो मिठाईचा डबा घेऊन, एका शनिवारी, तेजलला बरोबर आणून. उंच गाळा आतून फिरून पाहिला, भिंतीला हात लावला, वर पाहिलं. मशीन कुठं बसवायचं, हे मात्र विचारलं नाही. साळूबाईने ओळखलं.

"तिकडंच ऱ्हातो म्हनतो का?"

"आजी, सिन्नरला कंपनीची मोठी ऑर्डर लागली. तिथून दोन मिनिटांवर आहे कंपनी. दुसरं मशीन आणायचं चाललंय. हा गाळा तुम्ही माझ्यासाठीच एवढा उंच..."

साळूबाईनेही वर छताकडे पाहिलं. खरंच होतं ते. बांधकाम चालू असताना मधला गाळा बघितला की तिला लखनचं मशीनच दिसायचं तिथं. पण या वेळी त्याने गोड खोटं सांगितलं नव्हतं. समोर उभं राहून, डोळ्याला डोळा देऊन खरं बोलला होता.

"बरं केलं सांगितलंस," ती म्हणाली. मिठाईचा डबा उघडून तिने त्याच्या तोंडात पेढा घातला, तेजलच्या घातला, मग स्वतः खाल्ला. "जा. पर मशीन आलं की मला न्यायला ये. उज्वलीला सुट्टी नसती रोज."

मधल्या गाळ्यात मग प्लास्टिकचे भाग बनवणारे दोघं भाऊ आले. रस्त्याकडच्या तळमजल्याचं मात्र रवीने तिला न विचारताच ठरवून टाकलं होतं. घरोघर पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीला दिला. म्हणजे गोडाऊनच. हे कळलं तेव्हा साळूबाई दोन दिवस रवीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ओटा झाडायला म्हणून आली. आता तो ओटा नव्हता, पायऱ्या होत्या. आणि बघते तर पायऱ्यांवर ही गर्दी. वीस-पंचवीस पोरंपोरी, पाठीवर एवढाल्या पिशव्या, कुणी पार्सल मोजतंय, कुणी गाडीला किक मारतंय, एक मुलगी वडापाव खाता खाता मोबाइलवर पत्ता शोधतेय.

"सरका गं," साळूबाई खराटा पुढं करत म्हणाली. "झाडायचंय मला."

मुलगी उठली. "आजी, तुम्ही इथं कामाला का?"

"व्हय," साळूबाई म्हणाली. "तुझं नाव काय? कुठली तू?"

"निकिता. देवळाली कॅम्पची."

"लवकर निघती मंग घरातून. काही खाऊन निघती का नुसता वडापाव?"

निकिता हसली, काहीतरी सांगू लागली. आई शिवणकाम करते, काम शोधतेय. साळूबाई खराटा भिंतीला टेकवून पायरीवर बसली. वर संजनाकडं शिलाईची मशीनं सुरू झाली होती. "आईला घेऊन ये उद्या," साळूबाई म्हणाली. "वरच्या मजल्यावर दाखवते एका बाईला. तोंडाची फटकळ हाय, पर चांगली हाय."